घट नसल्याचे कसे कळते?

जमिनीवर मडके नाही, हे माणसाला कशामुळे कळते? प्रश्न पोरकट वाटतो. डोळे आहेत, जमीन दिसते, मडके दिसत नाही, विषय संपला. भारतीय दर्शनकारांच्या लेखी मात्र तो संपला नाही. या एका मडक्यावरून ते हजारभर वर्षे एकमेकांशी भांडत राहिले. जमीन दिसते हे खरे, पण ‘नसणे’ दिसते का? नसण्याला ना रंग, ना आकार. मग ते डोळ्यांना भिडणार कसे? सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी सांगितले, की नसणे इंद्रियांनी कळतच नाही, त्यासाठी ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन मानावे लागते. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या जोडीला सहावे प्रमाण: अनुपलब्धी. न आढळणे हेच जाणण्याचे साधन. त्यांच्याच मीमांसेच्या घरातल्या प्रभाकरांना हे मुळीच पटले नाही. रिकामी जमीन कळली की झाले, तिच्याखेरीज ‘अभाव’ म्हणून आणखी काही कशाला हवे, असा त्यांचा सवाल. नैयायिकांनी तिसरीच वाट धरली. अभाव खराच आहे, पदार्थांच्या यादीत त्याला सातवी जागाही आहे, पण तो कळतो इंद्रियांनीच. अद्वैतवाद्यांनी या बाबतीत कुमारिलांची बाजू घेतली.

आजच्या वाचकाला हा सगळा शब्दांचा कीस वाटेल. तो तसा नव्हता, याची खूण अगदी भलत्याच ठिकाणी सापडते: विषाणूची लागण झालेल्या पेशीपाशी. आत कोणी शिरले आहे की नाही, हे बाहेरून कसे कळावे? काय दिसले तर तो पुरावा, आणि काय दिसले नाही तर तो पुरावा? ज्याला सापडायचे नाही, त्याने यांतला कोणता पुरावा आधी मोडावा? (एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. कुमारिलांना पेशी ठाऊक नव्हती, आणि ‘आमच्या ग्रंथांत हे सगळे होतेच’ या आरोळीला पुढच्या मजकुरात काही खाद्य नाही. प्रश्न सारखा निघाला, एवढेच.)

विषाणू रक्तात मोकळा फिरत असतो तोवर त्याला गाठणे त्यातल्या त्यात सोपे असते. प्रतिपिंडे त्याला चिकटतात, त्याची वाट अडवतात. तो पेशीत शिरला, की त्यांचा हात सहसा तिथवर पोहोचत नाही. पेशी म्हणजे भिंतींनी बंद केलेली जागा. आत विषाणू पेशीचीच यंत्रे वापरून आपली प्रथिने बनवत असतो आणि बाहेरून पेशी पूर्वीसारखीच दिसते. शरीराने यावर काढलेला तोडगा असा, की पेशीने आत काय चालले आहे याचा नमुना सतत बाहेर मांडायचा. केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतली प्रथिने थोडीथोडी कापत असते. त्यांतले आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे टॅप नावाच्या एका वाहक प्रथिनातून आतल्या कप्प्यात ढकलले जातात. तिथे एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत एकेक तुकडा बसतो आणि ती जोडी पेशीच्या पृष्ठभागावर येऊन उभी राहते. सोसायटीत सकाळी घंटागाडी यावी आणि प्रत्येक घराने आपला डबा दाराबाहेर ठेवावा, तसा हा प्रकार. डब्यातली देठे, टरफले, औषधांची रिकामी पाकिटे पाहून आत काय शिजले, कोण आजारी आहे, हे दार न वाजवता कळते. पेशीच्या डब्यात विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा दिसला, की गस्त घालणारी टी पेशी त्या घराचा निकाल लावते.

ही टी पेशी नेमके काय पाहते, हे १९७३-७४मध्ये कॅनबेरात उलगडले. जॉन कर्टिन स्कूलमध्ये रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी उंदरांच्या मेंदूआवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. लागण झालेल्या उंदराच्या टी पेशी त्याच वंशाच्या उंदराच्या बाधित पेशी मारत. दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशींमध्ये तोच विषाणू घातला, तर त्या ढुंकूनही पाहत नसत. विषाणू तोच, तरीही. अर्थ असा निघाला, की टी पेशीला नुसता विषाणू दिसतच नाही. तिला दिसते ती आपल्या एचएलएची (उंदरात त्याला वेगळे नाव आहे) आणि परक्या तुकड्याची जोडी. दोघांनी तेव्हा सुचवलेल्या स्पष्टीकरणांपैकी एक होते ‘बदललेला स्व’. १९९६मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा शोध जेवढा मोठा आहे, तेवढी त्याची चर्चा झाली नाही. त्याआधी फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी रोगप्रतिकारशास्त्राला ‘स्व’ आणि ‘पर’ अशी जोडी दिली होती आणि ती लोकांना इतकी आवडली, की शरीर म्हणजे सरहद्दीवर पासपोर्ट तपासणारा देश, असे चित्र कायमचे रुजले. कॅनबेरातल्या उंदरांनी ते मोडले. पर हा पर म्हणून कधी समोर येतच नाही. येते ते आपलेच प्रथिन, जरासे वेगळे काही धरून उभे असलेले. म्हणजे परक्याचे सगळे ज्ञान आपल्या साक्षीदारामार्फत येते. आणि साक्षीदार आला, की त्याला गप्प करण्याची सोयही आली.

सायटोमेगॅलोव्हायरस हा या कामातला उस्ताद. भारतातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो आहे आणि बहुतेकांना त्याची कधी गंधवार्ताही लागत नाही. गर्भाला आणि अवयवरोपण झालेल्या रुग्णांना मात्र तो घातक ठरू शकतो. एकदा आला, की जन्मभर मुक्काम. त्याच्या जनुकांपैकी काहींचे काम फक्त साक्षीदारांचा बंदोबस्त करणे एवढेच दिसते. यूएस६ हे प्रथिन टॅपचा मार्ग आतून बंद करते, म्हणजे तुकडे कप्प्यात पोहोचतच नाहीत. यूएस३ तयार झालेल्या एचएलएला कप्प्यातच अडकवून ठेवते. यूएस२ आणि यूएस११ तर त्यांना कप्प्यातून मागे ओढून काढतात आणि पेशीच्या स्वतःच्या मोडतोड यंत्राच्या तोंडी देतात. काही मिनिटांत काम तमाम. हा शेवटचा प्रकार १९९६मध्ये एमान्युएल वीर्ट्झ, हिडे प्लोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडला, तेव्हा बिघडलेली प्रथिने पेशी एरवी कशी निकालात काढते, याच्या अभ्यासालाही त्यातून मोठी चालना मिळाली. विषाणूंनी जीवशास्त्रज्ञांना शिकवलेल्या गोष्टींची यादी लांबलचक आहे.

तेव्हा टी पेशी आली, तिने पाहिले, डब्यात काहीच संशयास्पद नाही. डबाच नाही! कॅनबेरातल्या नियमाने इथे तिचे काम संपते. प्रत्यक्षाला विषयच उरला नाही.

इथून पुढची गोष्ट स्टॉकहोमची. १९७०च्या दशकाच्या मध्यावर कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये आणि अमेरिकेत एक विचित्र पांढरी पेशी सापडली होती. काहीही शिकवलेले नसताना ती ट्यूमरच्या पेशी मारत असे. म्हणून तिचे नाव नैसर्गिक मारक पेशी, थोडक्यात एनके पेशी. ती काय पाहून मारते, हे कोणालाच सांगता येईना. प्रत्येक जण ट्यूमरवर काहीतरी असेल आणि ते एनके पेशी ओळखत असेल, अशा कल्पनेने त्या ‘काहीतरी’च्या मागे लागला होता. क्लास कार्रे या तरुण संशोधकाने १९८१च्या आपल्या प्रबंधात प्रश्नच फिरवला. त्या पेशीवर काय आहे, हे शोधण्याऐवजी काय नाही, हे पाहिले तर? १९८६मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी त्याचा पुरावा दिला. उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशींचे दोन नमुने घेतले. एकाच्या पृष्ठभागावर ओळखीची प्रथिने होती, दुसऱ्यावर जवळजवळ नव्हती. उंदराच्या शरीरात पहिल्याच्या गाठी वाढल्या, दुसरा मारला गेला. मारणाऱ्या होत्या एनके पेशी. साध्या व्यवहारबुद्धीने उलटे व्हायला हवे होते, कारण खुणा असलेल्या पेशीवर पाहण्यासारखे काही तरी होते. कार्रेने या कल्पनेला ‘हरवलेला स्व’ म्हटले.

ज्या घराने डबाच बाहेर ठेवला नाही, तिथेच गडबड आहे. विषाणूने साक्षीदार संपवला आणि साक्षीदार नसणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. कुमारिल आणि प्रभाकर यांच्या भांडणात शरीर कोणाच्या बाजूला, असे कोणी विचारलेच, तर उत्तर द्यायला फार विचार करावा लागणार नाही. रिकामी जागा नुसती रिकामी म्हणून नोंदवणाऱ्या टी पेशीला काहीच कळले नाही. त्या रिकामपणाला ज्ञानाचा दर्जा देणाऱ्या एनके पेशीला कळले.

पण या वादातला खरा कस इथे लागत नाही. अनुपलब्धी मानणाऱ्यांनी स्वतःच तिला एक कडक अट घातली होती: योग्यता. न दिसणे पुरावा केव्हा होतो? वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, असे म्हणता येते तेव्हाच. उजेडात मडके दिसले नाही तर ते नाही. अंधारात दिसले नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. ही अट काढली, की अनुपलब्धी निव्वळ अडाणीपणा होऊन बसते, आणि हे त्यांना पुरते ठाऊक होते.

शरीरालाही ती अट पाळावी लागते. रक्तातल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसते आणि त्यांच्यावर एचएलए जवळजवळ नसतेच. ‘एचएलए नाही तर मारा’ एवढाच नियम असता, तर एनके पेशींनी माणसाचे सगळे रक्त संपवले असते. तसे होत नाही. कारण एनके पेशी दोन गोष्टी एकदम तोलते. एका बाजूला एचएलए दिसल्यावर मिळणारा ‘थांब’ हा इशारा, आणि दुसऱ्या बाजूला ताणाखाली आलेल्या पेशीवर उगवणाऱ्या प्रथिनांचा ‘पुढे हो’ हा इशारा. तांबड्या पेशीवर थांबवणारे काही नाही, पण पुढे ढकलणारेही काही नाही. तिथे एचएलए असणे अपेक्षितच नव्हते, म्हणून त्याच्या नसण्यातून काही निष्पन्न होत नाही.

सायटोमेगॅलोव्हायरसने याच जागी घाव घातला आहे. एनके पेशी प्रत्येक एचएलए वेगवेगळे मोजत बसत नाही. एचएलए-ई नावाचा एक किरकोळ वाटणारा भाऊ आहे. बाकीची एचएलए प्रथिने तयार होताना त्यांच्या सुरुवातीचा एक भाग कापून टाकला जातो. त्यातला नऊ अमिनो आम्लांचा तुकडा एचएलए-ई उचलतो आणि बाहेर दाखवतो. म्हणजे हा हिशेबनीस आहे: आत एचएलए बनवण्याचे काम व्यवस्थित चालू आहे, एवढीच त्याची नोंद. ती दिसली, की एनके पेशी निघून जाते. विषाणूच्या यूएल४० या प्रथिनात हुबेहूब तसाच नऊ आम्लांचा तुकडा आहे. काही मानवी एचएलए-सीमध्ये असतो तोच. एका आम्लाचाही फरक नाही. वर तो टॅपच्या वाटेने जात नाही. त्यामुळे विषाणूने स्वतः टॅप बंद केलेला असला, तरी हिशेबनिसाच्या हाती तुकडा पोहोचतोच. आत एचएलएंची कत्तल चालू आणि बाहेर उत्पादन सुरळीत असल्याचा दाखला. हे २०००मध्ये उघड झाले. एचआयव्हीची पद्धत वेगळी आहे. त्याचे नेफ हे प्रथिन पृष्ठभागावरून एचएलए-ए आणि एचएलए-बी काढते, कारण टी पेशींना तुकडे दाखवण्याचे मुख्य काम तीच करतात. एचएलए-सी आणि एचएलए-ई मात्र ते सोडून देते, कारण एनके पेशी त्यांच्याकडे पाहते.

खोटी साक्ष खरीपासून अक्षरशः वेगळी काढता येत नसेल, तर ऐकणाऱ्याने काय करावे? यावरही मीमांसक आणि नैयायिक यांचे जुने वैर आहे. कुमारिलांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. पुढे ते खोडून काढणारे काही आले नाही, तोवर ते खरे धरायचे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे खरेपण बाहेरून तपासावे लागते. मीमांसकांची अडचण अशी, की भोळेपणाला दारे उघडी. नैयायिकांची अडचण अशी, की तपासणाऱ्याला तपासणारा कोण, हा प्रश्न कधी संपतच नाही. साधी एनके पेशी मीमांसक आहे. एचएलए-ईवर तुकडा दिसला, तिने तो खरा मानला. पण सायटोमेगॅलोव्हायरसची लागण झालेल्या पुष्कळ माणसांच्या रक्तात एनके पेशींची एक वेगळी फळी वाढलेली आढळते. त्यांच्यावर एनकेजी२सी नावाचा ग्राहक असतो. तो त्याच एचएलए-ईला आणि त्याच तुकड्याला पकडतो, पण त्यातून ‘थांब’ असा नव्हे, ‘पुढे हो’ असा अर्थ काढतो. जो दाखला एकीला निर्दोष वाटला, तोच दुसरीला संशयास्पद. निरोगी पेशीही तोच दाखला दाखवतात, आणि तरी या पेशी त्यांच्यावर सरसकट तुटून पडत नाहीत. तोल इतर इशाऱ्यांवर ठरतो. नैयायिकांची तपासणारी साखळी शरीराने अशी कुठेतरी मध्येच थांबवली आहे. ती शेवटपर्यंत नेणे कुणाला परवडणार?

‘खोटी साक्ष’, ‘कपट’, ‘दाखला’ हे सगळे बोलण्यापुरते आहे, हे विसरून चालत नाही. विषाणूला कोणाला फसवायचे नसते. असंख्य प्रती निघतात, नक्कल करताना चुका होतात, ज्या चुका पेशीत जास्त काळ टिकू देतात त्या उरतात. आपल्याकडे कर्माचा विचार करताना बौद्धांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, मध्यभागी ठेवले. हेतू नाही तर कर्म नाही. त्या कसोटीवर विषाणू पूर्ण निष्पाप ठरतो, आणि तरीही त्याच्या यूएल४०इतकी बेमालूम लबाडी माणसाला क्वचितच साधली असेल. फसवणूक व्हायला फसवणारा लागतोच असे नाही. फसणारा पुरतो. भ्रमाच्या चर्चेत दर्शनकारांनी शिंपले आणि दोरी यांच्यावर पानेच्या पाने खर्च केली, आणि शिंपल्याने चांदी असल्याचे सोंग मुद्दाम घेतले, असे त्यांतल्या कुणीही म्हटले नाही. ते शहाणपण जीवशास्त्रावरच्या लोकप्रिय लेखनात अजून फारसे आलेले नाही.

विषाणूंच्या एका जातीने मात्र या सगळ्या खटाटोपाला बगल दिली आहे. ना साक्षीदार मारायचे, ना खोटे दाखले द्यायचे. नुसते पडून राहायचे.

इथे धर्मकीर्ती आठवतात. बौद्ध तर्कशास्त्राचे हे सातव्या शतकातले आचार्य. पुण्याच्या प्रदीप गोखले यांनी त्यांचे ‘वादन्याय’ आणि ‘हेतुबिन्दु’ हे ग्रंथ इंग्रजीत आणले आहेत. अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण आहे, हे धर्मकीर्तींना मान्य नाही. त्यांच्या मते ती अनुमानातला एक हेतू आहे. पण योग्यतेची अट त्यांनी सर्वांत धारदार केली. जी वस्तू दिसण्याजोगी आहे, तिच्याच न दिसण्यावरून ‘नाही’ म्हणता येते. या परंपरेतले नेहमीचे उलट उदाहरण आहे पिशाचाचे. पिशाच स्वभावतःच अदृश्य. तेव्हा समोर पिशाच दिसत नाही, यावरून ते नाही असे म्हणता येत नाही; उरतो फक्त संशय. भुताखेतांवर विश्वास असो वा नसो, तर्क निर्दोष आहे.

कांजिण्यांचा विषाणू हे असले पिशाच आहे. लहानपणी कांजिण्या होतात, फोड वाळतात, पोर शाळेत जाऊ लागते. विषाणू गेलेला नसतो. तो मज्जारज्जूलगत, चेतातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींतल्या चेतापेशींमध्ये जाऊन बसतो. तिथे तो जवळजवळ एकही प्रथिन बनवत नाही. कापायला प्रथिन नाही, म्हणून दाखवायला तुकडा नाही. टी पेशी निरुपयोगी. चेतापेशींवर मुळातच एचएलए फार कमी. तेव्हा ते नसण्यालाही अर्थ नाही आणि एनके पेशीही निरुपयोगी. प्रत्यक्ष आणि अनुपलब्धी, दोन्ही दारे बंद. चाळीस-पन्नास वर्षांनी, प्रतिकारशक्ती ढिली पडली, की तो एखाद्या चेतातंतूच्या वाटेने कातडीवर येतो आणि नागीण होते. महाराष्ट्रात अजून सांगतात, की नागिणीने कमरेभोवती वेटोळे पुरे केले तर माणूस जगत नाही. ते वेटोळे सहसा पुरे होतच नाही, कारण विषाणू एकाच बाजूच्या एका चेतातंतूच्या हद्दीत पसरतो आणि ती हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते. समजूत भयंकर, पण निरीक्षण बारीक होते.

नागीण आणि कांजिण्या यांच्यातले हे नाते पक्के करण्यात सायरनसेस्टर या इंग्लंडमधल्या छोट्या गावातल्या एका डॉक्टरचा मोठा वाटा आहे. एडगर होप-सिम्पसन यांनी सोळा वर्षांत आपल्या दवाखान्यातल्या नागिणीच्या १९२ रुग्णांची नोंद ठेवली आणि १९६५मध्ये मांडणी केली, की नागीण बाहेरून लागत नाही, लहानपणीचा विषाणूच शरीरात दडून असतो आणि पुन्हा जागा होतो. तो दडलेला असताना त्यांना दिसला नव्हता. दिसणाऱ्या गोष्टींचा मेळ लागावा, म्हणून न दिसणारी गोष्ट त्यांना मानावी लागली. मीमांसकांच्या पाचव्या प्रमाणाचे, अर्थापत्तीचे, नेहमीचे उदाहरण असेच आहे: धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे.

अदृश्याच्या न दिसण्यावर विसंबले तर काय होते, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले आहे. २०१०मध्ये मिसिसिपी राज्यात एचआयव्हीबाधित आईच्या पोटी एक बाळ जन्मले. जन्मानंतर तीसेक तासांतच त्याच्यावर जोरदार उपचार सुरू झाले. दीड वर्षाच्या सुमारास उपचार सुटले, मूल काही महिने डॉक्टरांच्या नजरेआड गेले. परत आले, तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की विषाणू उसळलेला असेल. तपासण्यांत तो उसळलेला दिसला नाही. २०१३च्या मार्चमध्ये ही बातमी जगभर गेली. बाळ व्यवहारतः बरे झाले, असे म्हटले गेले. औषधांविना सत्तावीस महिने गेले. जुलै २०१४मध्ये विषाणू परत आल्याचे जाहीर झाले. तपासण्या खोट्या नव्हत्या. एचआयव्ही आपली जनुके पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतो आणि निवांत टी पेशींमध्ये मुकाट राहू शकतो. अशा थोड्याशा पेशी लाखो पेशींमध्ये विखुरलेल्या असतात. रक्ताच्या एका नमुन्यात त्या न सापडणे हे धर्मकीर्तींच्या हिशेबात ‘नाही’ नव्हतेच, संशय होता. आता संशोधक ‘बरा झाला’ म्हणण्याआधी वर्षानुवर्षे थांबतात, हा सावधपणा त्या मुलाने शिकवला.

उलट्या बाजूचा भ्रमही आहे, तो थोडक्यात सांगता येतो. एकार्डी-गुटियेर सिंड्रोम या दुर्मीळ आजारात अर्भकाचा मेंदू असा दिसतो, की गर्भातच विषाणूची लागण झाली असावी. डॉक्टर विषाणू शोधतात, तो नसतो. ट्रेक्स१ या जनुकातला बिघाड त्यामागे असू शकतो, हे २००६मध्ये कळले. पेशीत पडलेले स्वतःच्याच डीएनएचे तुकडे साफ करण्याचे काम हे जनुक पाहते. ते साफ झाले नाहीत, की पेशी त्यांना विषाणू समजते आणि युद्ध पुकारते. आपले ते आपले आहे, हे पेशीला आपोआप कळत नाही. तिच्या लेखी चुकीच्या जागी पडलेले आपलेही परकेच.

आता या सगळ्यातला सर्वांत नाजूक मुद्दा. नैयायिक आणि मीमांसक एका बाबतीत सहमत होते: अभावाचे ज्ञान व्हायला, जे नाही ते आधी ठाऊक असावे लागते. त्याला ते प्रतियोगी म्हणतात. मडके म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही, त्याला मडके नसल्याचे कळणार नाही. त्याला फक्त जमीन दिसेल. कुमारिलांच्या मते जमीन पाहून आणि मडक्याचे स्मरण होऊन मनात ‘नाही’ हे ज्ञान उगवते. मग ज्या शरीरात एचएलए कधी नव्हतेच, तिथल्या एनके पेशीचे काय? तिच्या सगळ्याच पेशी डबे न ठेवणाऱ्या. ती सगळ्यांना मारून टाकील काय?

असे उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले. त्यांच्या एनके पेशींनी स्वतःच्या शरीराला हात लावला नाही. इतकेच नव्हे, खुणा नसलेल्या दुसऱ्या पेशी समोर आणल्या, तरी त्या त्यांना फारशा मारत नव्हत्या. निसर्गाने हाच प्रयोग माणसातही केला. १९९४मध्ये दोन भावंडांची नोंद झाली. त्यांच्यात टॅपचा एक भाग निकामी होता आणि पेशींवर एचएलए अगदी नगण्य होते. सायटोमेगॅलोव्हायरस जे करायला धडपडतो, ते त्यांच्यात जन्मतःच झालेले. एनके पेशींनी त्यांना खाऊन टाकले नाही. आणि अभ्यासकांना जास्त चकवणारी गोष्ट अशी, की त्यांना विषाणूंचा फारसा त्रास नव्हता. त्रास होता तो श्वसनमार्गातल्या चिवट जिवाणूंचा. काही तुकडे टॅपवाचूनही एचएलएपर्यंत पोहोचतात, प्रतिपिंडे शाबूत असतात, हे खरे. पण पेशीवरची खूण म्हणजेच स्वत्व, असे ज्यांनी गृहीत धरले होते, त्यांना या भावंडांची संगती लावणे जड गेले.

मग एनके पेशीच्या ठायी प्रतियोगीचे ज्ञान असते तरी कोणत्या स्वरूपात? ते लहानपणी एकदा शिकलेले स्मरण असावे, अशी बरेच दिवस समजूत होती. २०१०मध्ये सेंट लुईस आणि बर्कली इथल्या दोन गटांनी ते तपासले. खुणा नसलेल्या उंदरातल्या, पूर्ण वाढ झालेल्या, थंड पडलेल्या एनके पेशी त्यांनी नेहमीच्या उंदरात सोडल्या. काही दिवसांत त्या तिथल्या खुणांना सरावल्या आणि खूण नसलेल्या पेशी ओळखू लागल्या. बर्कलीच्या गटाने उलटही करून पाहिले. चांगल्या तरबेज एनके पेशी खुणा नसलेल्या उंदरात टाकल्या. सगळीकडे अभावच अभाव असलेल्या त्या शरीरात हळूहळू त्यांचाही जोर ओसरला.